रोप घ्यायचं तर संध्याकाळी जा

दिवाळी झाल्यावर शेजारच्या वहिनींकडं एक पार्सल आलं. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेली काळपट मुळं आणि सोबत एक रंगीत कार्ड. कार्डावर बशीएवढ्या जांभळ्या फुलांनी लगडलेला वेल, खाली नाव: क्लेमॅटिस. वहिनींना अंगणातल्या जाळीवर चढवायला सुवासिक वेल हवा होता. डिसेंबरात मुळांना दोन कोंब फुटले, तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवले. फेब्रुवारीपर्यंत हातभर वेल झाला. मार्चअखेर पानांच्या कडा करपू लागल्या आणि जोतिबाच्या यात्रेपर्यंत कुंडीत नुसती काडी उरली. "पाणी तर रोज घालत होते की," असं म्हणताना त्यांचा चेहरा पडला होता. त्यांच्या निगराणीत काही कमी नव्हतं. जे कळायला हवं होतं ते त्या कार्डावर छापलेलंच नव्हतं.

क्लेमॅटिस ही एक मोठी प्रजाती आहे, जगभर तिच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत. कार्डावरचं ते मोठं जांभळं फूल मात्र कुठल्याच रानात उगवत नाही. इंग्लंडमध्ये वोकिंग इथल्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली केलेल्या संकरातून 'जॅकमनी' नावाचा प्रसिद्ध जांभळा वेल निघाला, आणि तिथून या मोठ्या फुलांच्या वाणांची लाट आली. यांचे पूर्वज चीन, जपान आणि दक्षिण युरोपातले. थंडीत पानं गाळून झोपायचं, जमीन गार असतानाच जागं व्हायचं, हा त्यांचा वार्षिक क्रम. आपल्याकडं जानेवारीच्या पहाटेही दंव पडत नाही, त्यामुळं वेलाला नीट झोप लागत नाही. आणि एप्रिलमध्ये उन्हात ठेवलेल्या कुंडीतली माती हाताला चटका देते, तेव्हा त्याची गारव्याला सोकावलेली मुळं शिजून निघतात. मुळाशी रोज पाणी घातलं की गरम, ओली माती तयार होते, आणि अशा मातीत मुळं आणखी लवकर कुजतात.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. वहिनींना हवा होता वास, आणि या मोठ्या फुलांच्या बहुतेक वाणांना वासच नसतो. सुवासिक क्लेमॅटिस वेगळे. हिमालयातला मोंटाना, ज्याच्या काही वाणांना व्हॅनिलासारखा वास येतो, किंवा चीनमधला आर्मंडी. तेही थंड हवेचेच. म्हणजे तो वेल जगला असता तरी वहिनींची इच्छा पुरी झाली नसती.

आणि गंमत अशी की क्लेमॅटिस आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आहेच. पन्हाळ्याकडं, राधानगरीकडं, गगनबावड्याच्या वाटेवर पावसाळा सरला की झुडपांवर पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके पसरलेले दिसतात. तीच मोरवेल. कुणी रानजाई म्हणतं, पण जाईशी तिचं काही नातं नाही, ती क्लेमॅटिसचीच सख्खी बहीण. फुलात पाकळ्या नसतात. कळीला बाहेरून झाकणारी निदलं असतात ना, तीच इथं पांढरी होऊन पाकळ्यांचं काम करतात. फुलं गेल्यावर प्रत्येक बीला पिसासारखी शेपटी फुटते आणि सगळा वेल कापूस पिंजल्यासारखा दिसतो. मला तर फुलांपेक्षा तेच रूप आवडतं.

मोरवेल चढते कशी, हे एकदा निवांत बघावं. तिला वाटाण्यासारखे ताणे नसतात. पानाचा देठच आधाराला शिवला की त्याच्याभोवती वळतो, मग जाड होऊन लाकडासारखा टणक होतो. चार्ल्स डार्विननं वेलींवरचा आपला मोठा अभ्यास १८६५ साली प्रसिद्ध केला, त्यात क्लेमॅटिसच्या देठांवरचे असले बरेच प्रयोग आहेत. बाग करणाऱ्याला यातून घ्यायचं ते इतकंच, की या वेलाला जाड बांबू उपयोगाचा नाही, देठाला मिठी मारता येईल अशी तार किंवा सुतळी हवी. छाटताना हातमोजे घाला. या कुळातल्या झाडांचा ताजा रस कातडीला लागला तर आग होते, फोडही येतात. आणि कृपा करून रानातला वेल उपटून आणू नका. राधानगरीचं तर अभयारण्य आहे. ओळखीच्या शेताच्या बांधावर मोरवेल असेल तर तिची पिकलेली बी मागून घ्या.

मोरवेलीचा वास मंद. अंगण भरून टाकणारा घमघमाट हवा असेल तर आपण वास म्हणतो तो काय असतो, हे आधी समजून घेतलेलं बरं.

फुलाच्या पाकळीतल्या पेशी हलके, चटकन उडून जाणारे रेणू तयार करतात. मोगऱ्यात आणि जाईत बेंझिल ॲसिटेट आणि लिनालूल, गुलाबात जिरॅनिऑल आणि फिनाइल इथेनॉल. एकेका फुलात असे डझनावारी, कधी शेकडो रेणू मिसळलेले असतात. ते आपोआप उडून जातात असा बरीच वर्षं समज होता. २०१७ मध्ये पेटुनियाच्या फुलावरच्या संशोधनातून कळलं, की पेशीच्या पडद्यात एक प्रथिन असतं आणि ते ऊर्जा खर्चून हे रेणू बाहेर ढकलतं. म्हणजे फूल वास मोजून देतं, आणि द्यायचा तेव्हाच देतं.

तेव्हाच, म्हणजे ज्याला बोलवायचं तो जागा असेल तेव्हा. रातराणी, जुई, निशिगंध, मधुमालती यांच्या फुलांची नळी अरुंद नि लांब. तळातल्या मधापर्यंत पोचते ती मोठ्या निशाचर पतंगांची सोंड. अंधारात रंगाचा उपयोग नाही, म्हणून फुलं पांढरी आणि वास दूरवर जाणारा. मधुमालती तर वेळापत्रकच उघडून दाखवते. फूल दिवेलागणीला पांढरं उमलतं, सकाळी गुलाबी होतं, पुढं लाल. रात्री पतंग येतात, दिवसा मधमाश्या. आपल्या देवचाफ्याची तऱ्हा निराळी. मध्य अमेरिकेतून आलेल्या या झाडाच्या फुलात मध नसतोच. वासाला भुलून पतंग एका फुलावरून दुसऱ्यावर शोधत फिरतात, आणि परागीभवन होऊन जातं.

आता विचार करा, आपण रोपवाटिकेत जातो कधी? रविवारी सकाळी अकराला. त्या वेळी रातराणीला वास नसतो, जुई मिटलेली असते, आणि आपण भडक रंगाचं, बिनवासाचं काहीतरी उचलून घरी येतो. रात्री फुलणाऱ्या झाडांसाठी सातच्या सुमारास जा. सोनचाफ्यासाठी आणि गुलाबासाठी सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत. एका दमात दहा फुलं हुंगू नका. तोच वास सारखा घेत राहिलं की नाक थोड्याच वेळात तो कळवणं थांबवतं. दोन-तीन फुलं हुंगली की बाहेर रस्त्यावर जरा उभं राहा आणि परत आत या.

रातराणीपाशी लोक अडखळतात ते सापाच्या भीतीनं. फुलाच्या वासाला साप येतो याला काही आधार नाही. साप जिभेनं हवेतले कण टिपून भक्ष्याचा माग काढतो, आणि त्याला हवा असतो उंदीर किंवा बेडूक. झुडूप दाट वाढलं, खाली पालापाचोळा साठला, की उंदीर येतात. बुंधा हातभर मोकळा ठेवला की झालं. मात्र रातराणीची फळं विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर ती वेळच्या वेळी खुडून टाका.

महाद्वार रोडवर संध्याकाळी गजरे घेऊन बसलेल्या मावशींच्या टोपल्यांत मोगरा, जुई, कधी अबोली असते, पण गुलाबाचा गजरा नसतो. त्यामागं रसायन आहे. मोगरा, जाई, निशिगंध ही फुलं तुटल्यावरही वास तयार करत राहतात. दुपारी खुडलेली घट्ट कळी केसांत उमलते आणि तिचा वास तेव्हा सुरू होतो. गुलाबाचं तसं नाही, त्याचा वास तोडल्यापासून उतरत जातो. फ्रान्समधले अत्तरवाले म्हणूनच जाई आणि निशिगंधाची फुलं चरबीच्या थरावर पसरून दिवसभर ठेवत, म्हणजे नंतर सुटणारा वासही चरबीत मुरे. गुलाब मात्र पहाटे तोडून लगेच भट्टीला लावायचा. गजरा ओवणाऱ्या हातांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बकुळीचं फूल तर वाळून तपकिरी झालं तरी त्याचा वास जात नाही.

गुलाबाचा विषय निघालाच आहे. बाजारातल्या लांब दांड्याच्या गुलाबाला वास का नाही? कारण पैदास करताना निवड झाली ती दांडीची, रंगाची आणि फुलदाणीत टिकण्याची, वासाकडं कुणी पाहिलं नाही. २०१५ साली संशोधकांनी दाखवलं, की जिरॅनिऑल तयार व्हायला गुलाबात एका विशिष्ट विकराची (एन्झाइमची) गरज असते आणि बिनवासाच्या वाणांत त्याचं काम जवळजवळ थांबलेलं असतं. म्हणून वासासाठी गावठी गुलाबच घ्या. कलमी घेतलात तर डोळा भरलेली जागा मातीच्या वर आहे ना, हे पाहा. तिच्या खालून फुटणारी जोमदार फांदी खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाची असते. ती वेळीच काढली नाही तर दोन वर्षांत तुमचा गुलाब जातो आणि नुसता खुंट उरतो.

फुलं नसताना रोप घ्यायची वेळ आली तर पानं बघा. "जुई आहे, न्या की बिनधास्त," असं सांगून जाई दिली जाते, नेहमीच मुद्दाम नव्हे, नावांचाच गोंधळ आहे. मोगऱ्याचं पान साधं, एकसंध. जाईच्या एका देठावर पिसासारखी सातेक पानं आणि कळीच्या पाठीवर गुलाबी छटा. जुईचं एक मोठं पान आणि त्याच्या बुडाशी दोन इवलेसे कान. तिच्या शास्त्रीय नावातलं 'ऑरिक्युलेटम' म्हणजे कान असलेली. एकदा हे कान ओळखता आले की जुईबाबत फसवणूक होणार नाही.

सोनचाफा मात्र कलमीच घ्या, यात मी तडजोड सुचवणार नाही. बियांपासून वाढवलेल्या सोनचाफ्याला फुलायला आठ-दहा वर्षंही लागतात, कारण झाडालाही बालपण असतं आणि ते संपल्याशिवाय कळी धरत नाही. कलमाची काडी फुलत्या झाडाची असते, तिचं बालपण आधीच सरलेलं असतं, म्हणून दोन-तीन वर्षांत, कधी त्याआधीच फुलं येतात. बुंध्यापाशी सांधा स्पष्ट दिसायला हवा. न दिसल्यास विचारा, आणि उत्तर गुळमुळीत वाटलं तर पुढच्या रोपवाटिकेत चला.

आपल्याकडं विकायला येणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रकनं येतात. मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच खड्ड्यात ठेवला तर पाणी बाजूनं वाहून जातं आणि आतली मुळं तहानलेली राहतात. आठवडाभर रोप सावलीत ठेवा, मग गोळा पाण्यात भिजवून कडेची माती हलक्या हातानं मोकळी करा. पिशवीच्या बुडाशी मुळं गोल गोल फिरलेली असतील तर ते रोप घेऊ नका, वर कितीही फुलं असली तरी.

आणि माती. शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी, चुनखडीची माती आणि पन्हाळ्यापलीकडची तांबडी माती यांत एकच झाड सारखं वाढत नाही. अनंताचं उदाहरण घ्या. पांढराशुभ्र, लोण्यासारखा, त्याचा वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. पण काळ्या मातीत वर्षभरात त्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण चुनखडीच्या मातीत ते मुळांना उचलता येत नाही. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. अनंत हवा असेल तर मोठ्या कुंडीत तांबडी माती आणि कुजलेला पालापाचोळा घाला आणि जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

हे सगळं करूनही शेवटचा निकाल ज्याच्या त्याच्या नाकाचा. सोनचाफ्याच्या वासात बीटा-आयोनोन नावाचा रेणू असतो. तो ओळखणाऱ्या एका जनुकात फरक असला, तर काहींना तो फुलासारखा येतो आणि काहींना जवळजवळ येतच नाही. जोतिबाला वाहायचा दवणा घ्या. त्यातलं मुख्य द्रव्य दवणोन. अत्तर करणारे सांगतात की दवण्याचं तेल प्रत्येकाच्या अंगावर वेगळं उमटतं. त्यामुळं घरात ज्याला रोज त्या वेलापाशी बसायचं आहे, त्यालाच रोपवाटिकेत घेऊन जा.

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर मी आणि वहिनी संध्याकाळी सातला गेलो. त्यांनी सहा-सात झाडं हुंगली, दोनदा बाहेर जाऊन आल्या आणि जुई निवडली. कान तपासून. उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपल्याकडं वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि त्यांच्या माजघराची खिडकी पश्चिमेला आहे, म्हणून जाळी पूर्वेच्या भिंतीवरून काढून तिकडं हलवली. जुई लावली ती खिडकीपासून चार हातांवर.