जोडीला प्रोजेस्टेरॉन कशाला?

रात्री तीनच्या सुमारास छातीतून एकदम वाफ उठते, चेहरा तापतो, गाऊन घामानं भिजतो. पांघरूण भिरकावून द्यावं, तर पाच मिनिटांत थंडी वाजायला लागते. पाळी जाण्याच्या काळात अनेकींचं हे रोजचंच होऊन बसतं. यात ताप वगैरे काही नसतो. बिघडलेला असतो तो मेंदूतला तापमानाचा पहारेकरी. हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशींना एरवी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) आवरून धरतं. ते घटलं की या पेशी चेकाळतात, आणि अंग जरासं गरम झालं तरी घाम फोडायचा हुकूम सुटतो.

मग इस्ट्रोजेन बाहेरून द्यावं, झालं! खरंच, या वाफांवर त्याच्याइतकं गुणकारी दुसरं औषध नाही. तरी डॉक्टर जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-संप्रेरक किंवा त्याच्यासारखं औषध देतात, ते मुख्यतः गर्भपिशवीसाठी. इस्ट्रोजेननं पिशवीचं अस्तर वाढत राहतं. त्याला लगाम घालतं प्रोजेस्टेरॉन. अमेरिकेत पूर्वी नुसतं इस्ट्रोजेन सर्रास दिलं जाई. १९७५ साली तिथल्या दोन अभ्यासांत अशा बायकांमध्ये अस्तराचा कर्करोग कितीतरी पट जास्त आढळला, आणि ही जोडी रूढ झाली. पिशवी काढलेली असेल तर बहुधा एकटं इस्ट्रोजेन पुरतं.

पण हा राखणदारही फुकट राखण करत नाही. २००२ साली 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी चाचणीतला जोडउपचाराचा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनांच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जादा निघाले, पक्षाघाताचेही ८. खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र ५ने घटलं. बातम्यांत कर्करोग खूप गाजला, आणि असंख्य बायकांनी रातोरात गोळ्या बंद केल्या. चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे कुणी फारसं सांगितलंच नाही. गंमत म्हणजे, त्याच चाचणीत पिशवी नसलेल्या, एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात स्तनांचा कर्करोग वाढलेला दिसला नाही.

आज साधारण साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास खरोखर जाच करत असेल, तर हा उपचार सुरू करतात. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्यांना सहसा देत नाहीत. रक्ताच्या गुठळ्यांची भीती असेल तर गोळीपेक्षा कमरेखाली चिकटवायचा पॅच किंवा जेल बरं: त्यातलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जात नाही, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक वाढत नाहीत.

पाळी अजून अधूनमधून येत असेल तर प्रोजेस्टेरॉन महिन्यातले १२ ते १४ दिवसच देतात, आणि ते थांबलं की पाळीसारखा स्राव होतो. पाळी जाऊन वर्ष उलटलं असेल तर दोन्ही रोज. यात सुरुवातीचे काही महिने मधूनच डाग पडतात, त्याला घाबरायचं नाही. सहा महिन्यांनंतरही पडत राहिले, तर मात्र अस्तर तपासून घ्यायचं.