टॉर्टिया : घरगुती कृती आणि लाटण्याची साधने

मेक्सिको व मध्य अमेरिकेतील रोजच्या जेवणातली पातळ, गोल, बिनखमिराची पोळी. ती मक्याची होते, तशीच गव्हाचीही. मक्याची टॉर्टिया स्पॅनिश लोक येण्याच्या फार पूर्वीपासूनची आहे. गव्हाची आली ती 16व्या शतकात त्यांनी गहू आणल्यानंतर, आणि आजही ती प्रामुख्याने सोनोरा, चिवावा अशा उत्तरेकडच्या राज्यांत खाल्ली जाते. नाव एक, भाजायचा तवाही एक. पीठ मात्र वेगळे, आणि म्हणून साधनही वेगळे. पहिल्यांदा घरी करणाऱ्याची फसगत बहुधा इथेच होते. मक्याचा गोळा लाटायला घेतला की कडा फाटतात आणि गव्हाचा गोळा दाबयंत्रात दाबला की झाकण उघडताच आकसतो.

मक्याची टॉर्टिया साध्या मक्याच्या पिठाची होत नाही. सुके दाणे आधी चुन्याच्या पाण्यात शिजवावे लागतात. एक किलो मक्याला साधारण 10 ग्रॅम खाण्याचा, विरलेला चुना पुरतो. दाणे मंद आचेवर शिजवून त्याच पाण्यात रात्रभर मुरू देतात. दाणा बोटांत चोळल्यावर साल सुटून आले की काम झाले. चुन्यामुळे पाण्याला पिवळट रंग आणि एक विशिष्ट वास येतो. पुढे टॉर्टियाला येणारा वास तो हाच. हे दाणे धुतले की त्यांना निश्तमाल म्हणतात. या प्रक्रियेचा सर्वांत जुना पुरावा ग्वातेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडला असून तो इ. स. पू. 1500 ते 1200 या काळातला आहे. चुन्याने साल सुटते, ओला दळलेला लगदा एकजीव होतो आणि मक्यात अडकून पडलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. मका युरोपात गेला तो या कृतीशिवाय, आणि जिथे गरिबांचे पोट केवळ मक्यावर भरू लागले तिथे नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला.

निश्तमाल वाटण्याचे जुने साधन म्हणजे मेताते, पुढे किंचित उतरता असलेला तीन पायांचा दगडी पाटा. 20व्या शतकात गावोगावी गिरण्या पोहोचेपर्यंत बायकांचे रोजचे कित्येक तास त्याच्यापुढे गुडघे टेकून जात. आज बहुतेक घरांत गिरणीतून दळून आणलेला ओला गोळा किंवा निश्तमालचे तयार सुके पीठ वापरतात. मासेका हे त्यातले सर्वांत परिचित पीठ. ते बनवणाऱ्या उद्योगाची सुरुवात 1949 मध्ये नुएवो लेओन राज्यातल्या सेराल्वो गावी झाली. सुक्या पिठाला वजनाच्या सव्वा ते दीडपट कोमट पाणी लागते आणि मळल्यावर ते वीसेक मिनिटे झाकून ठेवावे लागते. गोळा तळहातांमध्ये दाबून पाहावा. कडेला चिरा पडल्या तर पाणी कमी आहे, हाताला चिकटला तर जास्त.

मक्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, नसते, त्यामुळे गोळ्याला ताण सोसत नाही. लाटणे पीठ पुढे ओढते आणि कड तुटते. म्हणून मक्याची टॉर्टिया थापतात किंवा दाबतात. तळहातांवर थापून पातळ, सारखी टॉर्टिया करायला वर्षांचा सराव लागतो. दाबयंत्र मात्र कोणालाही वापरता येते : बिजागरीने जोडलेल्या दोन सपाट चकत्या आणि वर एक दांडा. बिडाचे यंत्र जड असते, त्यामुळे हाताला जोर कमी लावावा लागतो. ते धुऊन ओले ठेवले की गंजते. अॅल्युमिनियमचे हलके आणि स्वस्त, पण त्याचा दांडा लवकर दगा देतो. लाकडी यंत्र मोठ्या टॉर्टियांना सोयीचे आणि दिसायला देखणे. मात्र ते ओट्यावरची बरीच जागा अडवते. घेताना बिजागरी खिळखिळी नाही ना आणि मिटल्यावर चकत्या सगळीकडे सारख्या टेकतात ना, एवढे पाहिले तरी पुरे. 20 सेंटिमीटर व्यासाचे यंत्र घरच्या कामाला भरपूर होते.

यंत्रात गोळ्याच्या खाली-वर जाडसर प्लास्टिकचे दोन तुकडे ठेवावेत. फार पातळ कागदाला चुण्या पडतात आणि त्या टॉर्टियावर उमटतात. सुमारे 30 ग्रॅमचा गोळा बेताने दाबला की 15 सेंटिमीटरची टॉर्टिया होते. एकदा दाबून, अर्धा फेरा फिरवून पुन्हा हलके दाबले की एक बाजू जाड आणि एक पातळ राहत नाही. यंत्र नसेल तर जड, सपाट बुडाच्या भांड्यानेही दाबता येते. लाटणेच वापरायचे झाले तर गोळा प्लास्टिकमध्येच ठेवून, मधून कडेकडे, अगदी हलक्या हाताने.

गव्हाच्या टॉर्टियाचे सगळे उलटे. अर्धा किलो मैद्याला 80 ते 100 ग्रॅम डुकराच्या चरबीचे मोहन, मीठ आणि सुमारे पाव लिटर गरम पाणी. चरबीऐवजी वनस्पती तूप किंवा तेल चालते, पण चव आणि पापुद्रा चरबीचाच चांगला. पीठ चांगले तिंबून गोळे करावेत आणि ते अर्धा तास झाकून ठेवावेत. ही विश्रांती टाळली तर ग्लुटेन ताणलेलेच राहते आणि लाटलेली टॉर्टिया लाटण्यामागे परत आखडत येते. थंड दाबयंत्रातही तेच होते. कारखान्यांत गव्हासाठी तापवलेल्या चकत्यांची यंत्रे असतात, ती यासाठीच.

उत्तर मेक्सिकोत यासाठी पालोते वापरतात : मुठी नसलेला, सरळ, बारीक लाकडी दांडा. मूठ नसल्याने तळहात थेट लाकडावर येतो आणि पीठ कुठे जाड राहिले ते हाताला लगेच कळते. दोन्ही टोकांना निमुळते लाटणेही चांगले. ते वळते सहज, त्यामुळे गोलाई साधते. दोन बाजूंना मुठी असलेला जाड रूळ बिस्किटांच्या पिठाला ठीक, इथे तो नुसता अवजड होतो. संगमरवरी लाटण्याचा गारवाही इथे कामाचा नाही, कारण मोहन घट्ट होते. घट्ट रेषांचे, गुळगुळीत लाकूड सर्वांत उत्तम, आणि ते पाण्यात भिजत ठेवू नये. लाटताना मधून कडेपर्यंत जावे, कडेवरून उतरू नये, दर वेळी टॉर्टिया थोडी फिरवावी. पिठी बेताची, नाहीतर ती तव्यावर करपून कडवट लागते. सोनोरातल्या सोबाकेरा या हातभर रुंद टॉर्टियांना मात्र कुठलेच लाटणे लागत नाही. त्या हातांवर झुलवत ताणतात आणि उलट्या, घुमटाकार तव्यावर भाजतात.

भाजायचा तवा म्हणजे कोमाल, मातीचा किंवा लोखंडी. तो चांगला तापलेला हवा. मक्याची टॉर्टिया पहिल्या बाजूने पंधरा-वीस सेकंद, म्हणजे कडा सुटेपर्यंतच ठेवतात. उलथून दुसऱ्या बाजूने साधारण मिनिटभर. मग पुन्हा पहिल्या बाजूवर. याच वेळी ती फुगते. फुगली नाही तर तवा थंड होता, पीठ कोरडे होते किंवा पहिली बाजू जास्त भाजली गेली. गव्हाची प्रत्येक बाजूने अर्धा-पाऊण मिनिटात होते. जास्त ठेवली तर कडक. भाजलेल्या टॉर्टिया लगेच कापडात गुंडाळून ठेवतात. आत कोंडलेल्या वाफेने त्या मऊ पडतात, म्हणून तव्यावरून काढल्या काढल्या खाल्लेल्या टॉर्टियापेक्षा दहा मिनिटांनंतरची अधिक लवचीक असते. उरलेल्या मक्याच्या टॉर्टिया दुसऱ्या दिवशी कापून तळतात आणि तिखट सॉसमध्ये घोळवून चिलाकिलेस करतात.