सुरक्षा प्रमाणपत्र तपासणी, कमांड लाइनवरून

संकेतस्थळाचे टीएलएस प्रमाणपत्र (साइटची ओळख पटवणारा, सुरक्षित जोडणीसाठी लागणारा डिजिटल दाखला) कोणी दिले, कधी संपते आणि सर्व्हर ते नीट दाखवतो का, हे ब्राउझर न उघडता टर्मिनलमधून पाहण्याची रीत. बोलताना मात्र सगळे टीएलएसला अजून जुन्या नावाने ‘एसएसएल’च म्हणतात.

रुळलेले साधन म्हणजे ओपनएसएसएल. त्याची ‘एस_क्लायंट’ ही कमांड सर्व्हरच्या ४४३ पोर्टला, म्हणजे सुरक्षित वेब जोडणीच्या नेहमीच्या दाराला, जोडणी करते. आलेले प्रमाणपत्र ओपनएसएसएलच्याच ‘एक्स५०९’ कमांडकडे दिले की ‘नॉटबिफोर’ (मुदतीची सुरुवात) आणि ‘नॉटआफ्टर’ (मुदतीचा शेवट) या दोन तारखा मिळतात. थेट आयपी पत्त्याला जोडताना एस_क्लायंटच्या ‘सर्व्हरनेम’ पर्यायाने साइटचे नाव सांगावे, नाहीतर त्याच मशीनवरच्या शेजाऱ्याचे प्रमाणपत्र हाती येते. वेळ जीएमटीत असते. ‘२३:५९:५९ जीएमटी’ म्हणजे मुंबईत दुसऱ्या दिवशीची पहाट, ५:२९:५९. लोकल सुरू झालेल्या असतात, अंधेरीतले ऑफिस उघडायला अजून चार तास असतात, आणि साइट लाल इशारा दाखवू लागते.

प्रमाणपत्रात खोट असली तरी एस_क्लायंट जोडणी तोडत नाही, म्हणून शेवटचा ‘व्हेरिफाय रिटर्न कोड’ वाचायलाच हवा. ० म्हणजे ठीक, १० म्हणजे मुदत संपली. २१ आला तर बहुधा मधले, म्हणजे साइटच्या प्रमाणपत्राला विश्वासू मूळ प्रमाणपत्राशी जोडणारे इंटरमीजिएट प्रमाणपत्र सर्व्हरवर ठेवायचे राहिलेले असते. हा दोष फसवा आहे: ब्राउझर ते प्रमाणपत्र स्वतः मिळवून वेळ निभावून नेतो, मोबाइल ॲप मात्र अडते आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’ हा वाद रंगतो.

रोजच्या पहाऱ्यासाठी एक्स५०९च्या ‘चेकएंड’ पर्यायाला सेकंद द्यायचे. २५९२००० म्हणजे ३० दिवस. तेवढ्यात मुदत संपणार असेल तर एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) १, नसेल तर ०. क्रॉनमधली (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) दोन ओळींची स्क्रिप्ट यावर निरोप धाडू शकते. मात्र तपासणी डिस्कवरच्या फाइलची करू नये. फाइल नवी झाली पण एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड केला नाही, तर जगाला जुनेच प्रमाणपत्र दिसत राहते. लोड बॅलन्सरमागे (येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारी यंत्रणा) चार सर्व्हर असतील तर चारही वेगवेगळे विचारावेत.

मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची नेहमीची प्रमाणपत्रे ९० दिवसांची, म्हणजे जवळपास लोकलच्या त्रैमासिक पासाएवढी. मुदत संपत आल्याचे त्यांचे ईमेल जून २०२५ पासून बंद झाले. सार्वजनिक प्रमाणपत्रांची ३९८ दिवसांची कमाल मुदतही टप्प्याटप्प्याने उतरते: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १००, आणि २०२९ मध्ये ४७.