एकच चित्र, तीन गोष्टी

टेबलाशी बसलेला एक माणूस. समोर ड्रॉइंगचे कागद, बाजूला बायकामुलांचा फोटो. या चित्रावरून गोष्ट लिहा म्हटलं, की कुणी लिहितो: पुलाचं डिझाइन आज हातावेगळं करायचंय, पण एक हिशेब काही केल्या जुळत नाही. दुसऱ्याच्या गोष्टीत तो माणूस रविवारच्या सहलीच्या आठवणीत रमलेला असतो. तिसऱ्याच्या गोष्टीत, उद्याच्या मीटिंगमध्ये आपलं म्हणणं साहेबांच्या गळी कसं उतरवायचं, याची जुळवाजुळव चाललेली असते.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड अशा गोष्टींमधून माणसाची भूक ओळखत. काम फत्ते करण्याची, आपुलकीची की प्रभाव पाडण्याची? तिन्ही सगळ्यांनाच असतात, पण कमीजास्त. एका प्रयोगात, खुंटीवर रिंग टाकण्याच्या खेळात अंतर ज्याचं त्याने ठरवायचं होतं. पहिली भूक मोठी असलेले मधलं अंतर निवडत. अगदी जवळून टाकण्यात काय मजा, आणि फार लांबून लागली तर तो नशिबाचा भाग! अशा माणसाला ‘छान काम’ एवढ्यावर भागत नाही. नेमकं कुठे जमलं, कुठे चुकलं, ते त्याला हवं असतं.

मग सरळ विचारावं ना, तुला काय हवंय? इथेच खरी गोम आहे. मॅक्लेलंड आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की प्रश्नावलीतली उत्तरं आणि गोष्टींतून दिसणाऱ्या गरजा यांचा मेळ फारसा बसत नाही. अप्रेझलचा फॉर्म भरताना माणूस स्वतःबद्दलचं मत लिहितो. वर्षानुवर्षं तो आपणहून कशाकडे ओढला जातो, ते त्यात येईलच असं नाही. अर्थात गोष्टींची चाचणीही धुतल्या तांदळासारखी नाही. त्याच माणसाची पुढची गोष्ट वेगळी निघू शकते, त्यामुळे तेवढ्यावर कुणाची बढती अडवू नये.

साहेबाची स्वतःची भूकही सगळ्यांना भोवते. १९७६ मध्ये मॅक्लेलंड आणि डेव्हिड बर्नहॅम यांनी मॅनेजरांबद्दल लिहिलं, की सर्वांना आवडावं अशी ज्याला फार ओढ, तो एकेकासाठी नियम वाकवतो. एकाची अडचण ऐकून रजा देतो आणि बाकीचे धुमसत राहतात. त्यापेक्षा प्रभावाची भूक असलेला, पण ती आवरून संस्थेच्या कामी लावणारा साहेब लोकांना परवडतो. ‘प्रेमळ बॉस’ शोधणाऱ्यांना हे पटणार नाही, पण अनेक ऑफिसांत हेच चित्र दिसतं.

या गरजा जन्मतःच ठरलेल्या असतात का? १९६४ मध्ये मॅक्लेलंड यांच्या एका प्रयोगासाठी आंध्रातल्या काकिनाड्याचे छोटे उद्योजक हैदराबादला प्रशिक्षणासाठी आले. यशाची आस असलेल्या गोष्टी रचायलाही त्यांना शिकवलं गेलं. पुढच्या काळात, प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत, त्यांनी धंद्यात जास्त तास आणि जास्त पैसा घातला, नवी कामं काढली. जात, पेहराव किंवा परंपरेवरची श्रद्धा कुणाच्या आड आली नाही.