लोकवर्गणी मागण्याआधी पेटंटचा अर्ज का?

क्राउडफंडिंगसाठी, म्हणजे इंटरनेटवरून लोकवर्गणी गोळा करण्यासाठी, आपलं उपकरण मांडायचं तर ते व्हिडिओत चालवून दाखवावं लागतं. नाहीतर अनोळखी माणूस पैसे कशाला देईल? पेटंट कायदा मात्र म्हणतो की अर्जाच्या दिवसापर्यंत ते कुठेही जाहीर झालेलं नसावं. हा पेच इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे.

१८७३ साली व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा परदेशी संशोधक यंत्रं आणायला कचरत होते. इथे पाहिलेलं यंत्र कुणी जसंच्या तसं बनवलं, तर दाद कुणाकडे मागायची? ऑस्ट्रियाला प्रदर्शनापुरता खास कायदा करावा लागला, त्याच वर्षी तिथे पेटंट परिषद झाली आणि पुढे १८८३ चा पॅरिस करार आला. एका देशात अर्ज केला की ठरावीक मुदतीत इतर सदस्य देशांत केलेल्या अर्जालाही पहिलीच तारीख धरायची, ही त्यातली सर्वांत मोलाची तरतूद. पेटंटसाठी ही मुदत सुरुवातीला सहा महिने होती. १९०० मध्ये ती बारा झाली. भारत या करारात आला तो थेट डिसेंबर १९९८ मध्ये.

उद्योगासाठी लोकवर्गणी आपल्याला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. पण तिथे लोक स्वदेशीसाठी पैसे देत होते. लपवण्यासारखं गुपित त्यात नव्हतं. २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किकस्टार्टर हे क्राउडफंडिंगचं संकेतस्थळ सुरू झाल्यावर चित्र पालटलं, कारण तिथे नावीन्यालाच पैसे मिळतात.

गंमत म्हणजे क्राउडफंडिंगच्या पद्धतीवरच पेटंट होतं. चाहत्यांच्या पैशातून संगीतनिर्मिती घडवणाऱ्या आर्टिस्टशेअरला ते २०११ मध्ये मिळालं आणि त्याच वर्षी किकस्टार्टर त्याविरुद्ध कोर्टात गेली. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ते पेटंट अवैध ठरवलं: कलेला आश्रय देऊन बदल्यात काही देणं-घेणं ही जुनीच, अमूर्त कल्पना आहे. मला हा निकाल योग्य वाटतो. नुसत्या कल्पनेवर मालकी सांगता येत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात कॉपीराइटच्या संदर्भात स्पष्ट केलं होतं.

धोका किती खरा आहे, ते फिजेट क्यूबने दाखवलं. २०१६ मध्ये या बोटांनी चाळा करायच्या ठोकळ्याला किकस्टार्टरवर ६४ लाख डॉलर मिळाले. मात्र पैसे देणाऱ्यांच्या हाती माल पडण्याआधीच नकला बाजारात विकल्या जात होत्या. व्हिडिओ पाहून साचा बनवणाऱ्या कारखान्यांना महिनाभरही लागत नाही. आणि हजारो अनोळखी देणगीदारांकडून गोपनीयतेचा करार कोण सही करून घेणार?

आता आपल्याकडचं. अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केल्यावरही अर्जासाठी एक वर्ष मिळतं. भारतात अशी सरसकट सवलत नाही. पेटंट कायदा, १९७० चं कलम ३१ केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना बारा महिने देतं, पण क्राउडफंडिंगचं पान म्हणजे असं प्रदर्शन नव्हे. डिझाइन नोंदवायचं असेल, तरी ते आधी प्रसिद्ध झालेलं चालत नाही. शिवाय शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१४ मध्ये क्राउडफंडिंगवर चर्चापत्र काढलं खरं, पण शेअर देऊन आम जनतेकडून असा पैसा उभारण्याबाबत २०१६ मध्ये उलट सावधगिरीचा इशारा दिला. त्यामुळे नवउद्योजकाकडे राहतो तो आगाऊ वस्तू किंवा भेट देऊन निधी मिळवण्याचा मार्ग, आणि त्यात तर वस्तू दाखवणं टळतच नाही.

म्हणूनच पेटंट कायद्याच्या कलम ९ चा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज मोहिमेच्या आधी जायला हवा. ऑनलाइन भरताना व्यक्तीला १६०० रुपये शुल्क पडतं, तारीख पक्की होते आणि संपूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. तेवढ्याच मुदतीत परदेशातले अर्जही करायचे असतात, कारण भारतीय पेटंट चीनमधल्या कारखान्याला तिथे रोखू शकत नाही. नकलेविरुद्ध खटला पेटंट मंजूर झाल्यावरच भरता येतो; नुकसानभरपाई मात्र अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मागता येते.