कूलंट बदलणे

कूलंट बदलणे : मोटारगाडीच्या शीतन यंत्रणेतील जुना द्राव काढून टाकणे, यंत्रणा आतून पाण्याने धुणे आणि तिच्यात योग्य प्रमाणातला नवा द्राव भरणे, ही देखभालीची क्रिया. इंजिन ऑइल बदलायची आठवण बहुतेक चालकांना असते. कूलंटची आठवण होते ती घाटात, बॉनेटखालून वाफ यायला लागल्यावर.

वॉटर पंप कूलंटला इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणि हेड (त्यावरचे झाकण) यांतल्या पोकळ वाटांमधून फिरवतो. तिथे तापलेले कूलंट रेडिएटरमध्ये येते, वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. मधल्या वाटेवर थर्मोस्टॅट ही मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप असते. बहुतेक गाड्यांत ती ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडते आणि तोवर रेडिएटरकडची वाट बंद ठेवते. कूलंट बदलताना होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच या झडपेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

द्रावात काय असते

कूलंट म्हणजे मुख्यतः पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल, सोबत थोडी गंजरोधक रसायने आणि रंग. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आदोल्फ व्युर्त्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे ग्लायकॉल तयार केले. गाड्यांमध्ये ते रुळले १९२० च्या दशकात. त्याआधी थंड मुलखांत रेडिएटरच्या पाण्यात मेथॅनॉलसारखी अल्कोहोले मिसळत. इंजिन तापले की ती उडून जात आणि हिवाळाभर पुन्हा पुन्हा घालावी लागत. ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू १९७ अंश असल्याने हा त्रास संपला. अमेरिकेत १९२७ पासून विकले जाणारे ‘प्रेस्टोन’ याच पिढीतले.

शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठते, पाणी शून्याला. पण दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले की मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत द्रव राहते. ग्लायकॉल ६० ते ७० टक्क्यांवर गेले की हा फायदा संपतो आणि गोठणबिंदू पुन्हा वर सरकू लागतो. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. त्यामुळे पाणी न घालता नुसते कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेला दाट द्राव) भरले, तर महागडे द्रावण वापरूनही इंजिन जास्त तापते.

महाराष्ट्रात पारा शून्याखाली जात नाही, मग अँटिफ्रीझ (गोठण रोखणारे द्रव, म्हणजे हेच कूलंट) हवे कशाला, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे गाड्यांच्या टपांवर दव गोठते आणि त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात, पण तेवढ्या थंडीने इंजिनाचा ब्लॉक फुटत नाही. आपल्याकडे कूलंटची गरज दुसऱ्याच दोन कारणांसाठी आहे. पहिले म्हणजे उकळणे. निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळते, आणि रेडिएटरच्या झाकणाने आत सुमारे एक बार जादा दाब धरून ठेवला की १२५ अंशांच्या पुढे. मे महिन्यात कसारा किंवा खंबाटकीच्या चढावर एसी लावून, भरल्या गाडीनिशी, रांगेत इंच-इंच पुढे सरकताना हे जादा अंशच गाडीला वाचवतात. दुसरे कारण गंज. अ‍ॅल्युमिनियमचे हेड, बिडाचा ब्लॉक, पितळ, सोल्डर असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडाले की त्यांतला एखादा कुरतडला जाणारच. ते थांबवणे हे गंजरोधकांचे काम, आणि कूलंट बदलावे लागते ते मुख्यतः तेच खर्ची पडतात म्हणून. ग्लायकॉल सहसा संपत नाही, पण वर्षानुवर्षे तापून त्याचे अंशतः आम्लांत रूपांतर होते आणि द्राव स्वतःच धातू खाऊ लागतो. त्यामुळे ‘रंग अजून हिरवागार आहे’ एवढ्यावर कूलंट चांगले ठरत नाही.

जुन्या पद्धतीच्या, सिलिकेट-फॉस्फेट प्रकारच्या द्रावांची मुदत साधारण दोन वर्षे असते. सेंद्रिय आम्लांवर आधारलेले द्राव पाच वर्षे किंवा त्याहून जास्त टिकतात. जनरल मोटर्सने १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत आणलेले ‘डेक्स-कूल’ हे त्यांतले गाजलेले नाव. या दोहोंचा संकर असलेले प्रकारही आहेत. रंगावरून मात्र प्रकार ओळखू नये. होंडाचे निळे, टोयोटाचे गुलाबी, फोक्सवॅगनचे जांभळे, असे रंग प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने निवडलेले आहेत आणि त्यांना कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार आणि बाटलीवरचे मानक (जपानी ‘जेआयएस के २२३४’, अमेरिकी ‘एएसटीएम डी ३३०६’ वगैरे) जुळते का, ते पाहावे. न जुळणारे प्रकार एकत्र झाले की गंजरोधक एकमेकांना निकामी करतात आणि कधी कधी जेलीसारखा साका धरून रेडिएटरच्या नळ्या तुंबतात.

काढणे

काम इंजिन पूर्ण निवल्यावरच करायचे. गरम रेडिएटरचे झाकण उघडले की आतला दाब एकाएकी सुटतो, दाबामुळे थोपलेला द्राव क्षणात उकळतो आणि हातातोंडावर उडतो. रस्त्याकडेला भाजून घेणारे बहुतेक लोक असेच भाजतात. वरची होज (रेडिएटरला जोडलेली रबरी नळी) दाबून पाहावी. ती कडक लागली तर अजून थांबावे.

आधी हीटरची कळ पूर्ण गरम बाजूला फिरवून ठेवतात. अनेक गाड्यांत कळ थंडवर असली तर डॅशबोर्डमागच्या छोट्या हीटर कोअरची वाट बंद राहते आणि तिथला जुना द्राव तिथेच अडकतो. मग खाली टब ठेवून रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग सैल करतात. प्लॅस्टिकचा प्लग जुना असेल तर पान्हा लावताच तो मोडू शकतो. अशा वेळी खालच्या होजची क्लिप सोडणे बरे. पुष्कळ नव्या गाड्यांत ड्रेन प्लग दिलेलाच नसतो, तिथे होजच सोडावी लागते. निघालेला द्राव मापाच्या भांड्यात धरावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर होतो.

जुना द्राव कसा दिसतो, हेही पाहण्यासारखे असते. तांबूस, गढूळ पाणी म्हणजे आत गंज चढला आहे. वर तेलाचा तवंग किंवा दुधाळ साय दिसली, तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधले सील) उडाल्याचा किंवा ऑइल कूलर फुटल्याचा संशय घ्यावा. अशा गाडीत नवे कूलंट भरून काही साधत नाही. आधी हेड उतरवून, लागले तर फेसिंग (हेडचा पृष्ठभाग यंत्रावर सपाट करणे) करून घ्यावे लागते.

धुणे आणि हिशेब

जुना द्राव स्वच्छ असेल तर तो काढून नवा भरला तरी पुरते. गढूळ असेल किंवा प्रकार बदलायचा असेल तर यंत्रणा धुवावी लागते : साधे पाणी भरायचे, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवायचे, निवू द्यायचे, पाणी काढायचे आणि निघणारे पाणी नितळ दिसेपर्यंत हेच करत राहायचे. थर्मोस्टॅट उघडण्याआधीच इंजिन बंद केले तर धुतला जातो फक्त रेडिएटर, ब्लॉकमधला गाळ तसाच राहतो. खूप क्षार बसलेला जुना पितळी रेडिएटर रेडिएटरवाल्याकडे देऊन रॉडिंग करून घेतात, म्हणजे टाकी उघडून नळ्यांतून पातळ सळई फिरवतात. हल्लीच्या अ‍ॅल्युमिनियम-प्लॅस्टिक रेडिएटरला हा उपाय लागू नाही, तो थेट बदलतात.

इथे एक मेख आहे, आणि चांगल्या गॅरेजांमध्येही ती सुटते. ड्रेन प्लग उघडला तरी सगळे पाणी बाहेर येत नाही. ब्लॉक आणि हीटर कोअरमध्ये बरेच उरते. समजा, यंत्रणेची क्षमता ६ लिटर आहे आणि निघाले ३.५ लिटर. आत २.५ लिटर साधे पाणी राहिले. त्यावर तयार मिश्रणाचे (निम्मे ग्लायकॉल, निम्मे पाणी) ३.५ लिटर ओतले, तर ६ लिटरमध्ये ग्लायकॉल भरते १.७५ लिटर, म्हणजे जेमतेम २९ टक्के. बाटलीवर उणे ३७ छापलेले असले तरी गाडीतले मिश्रण उणे १५ च्या आसपासच गोठू लागेल, आणि गंजरोधकही तेवढेच पातळ झालेले असतील. पुण्यात हे कळणारही नाही. पण तीच गाडी हिवाळ्यात द्रासला किंवा लेहला रात्रभर उघड्यावर उभी राहिली, तर गोठणाऱ्या पाण्याच्या प्रसरणाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. म्हणून धुतलेल्या यंत्रणेत तयार मिश्रण न भरता आधी एकूण क्षमतेच्या निम्मे, इथे ३ लिटर, कॉन्सन्ट्रेट घालायचे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरायची. ब्लॉकला वेगळा ड्रेन प्लग असेल आणि तिथवर हात पोचत असेल तर आतले पाणीही काढता येते आणि प्रश्नच मिटतो. शंका असल्यास रिफ्रॅक्टोमीटर या प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर एक थेंब ठेवून प्रमाण लगेच तपासता येते.

शेवटच्या धुण्याचे पाणी आत राहणार, म्हणून तेही डिस्टिल्डच असावे. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तापल्यावर क्षार बनून आतल्या भिंतींवर बसतात आणि धातूची उष्णता द्रावात उतरू देत नाहीत. बॅटरीसाठी विकले जाणारे पाण्याचे कॅन या कामाला चालतात. वाटेत अडचण आली तर मिळेल ते पाणी घालून घर गाठायला हरकत नाही, पण त्यानंतर कूलंट बदलून घ्यावे.

हवा काढणे

द्राव हळूहळू ओततात, म्हणजे आतली हवा वर यायला वाट मिळते. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला तर तिथला धातू कोरडा तापतो. तापमानाचा सेन्सर त्याच फुग्यात आला तर काटा खोटे बोलतो : इंजिन तापलेले, काटा निवांत. हवा सोडण्यासाठीचा ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत थांबतात. नसेल तर गाडीचे नाक चढावर ठेवून, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करतात, वरची होज मधूनमधून दाबतात आणि पातळी खाली जाईल तसा द्राव घालतात. रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद झाला आणि हीटरमधून कडक गरम हवा आली, म्हणजे काम झाले. हीटर थंडच फुंकत असेल तर हवा अजून आत आहे. दुसऱ्या दिवशी, गाडी थंड असताना, रिझर्व्हायर बाटलीतली पातळी किमान-कमाल खुणांच्या मध्ये आहे ना, ते पुन्हा पाहतात. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर ते याच वेळी बदलावे. स्वस्त वस्तू आहे, पण तिने दाब धरला नाही तर नवे कूलंटही लवकर उकळते.

दुचाकींतही आता हे काम आले आहे. २०१२ साली भारतात आलेली केटीएम ड्यूक २०० आणि बजाज पल्सर २०० एनएस यांना रेडिएटर आहे. विजेवरच्या अनेक गाड्यांत बॅटरी आणि मोटर थंड ठेवायला कूलंट असते. काहींना वीज कमी वाहून नेणारा खास द्राव लागतो, तो सोडून दुसरे काही त्यांत घालू नये.

विषारीपणा

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते, म्हणून कुत्री-मांजरे सांडलेले कूलंट चाटतात. मांजराला चमचाभरही जिवावर बेतू शकते. प्रौढ माणसाला सुमारे १०० मिलिलिटर प्राणघातक ठरू शकते. यकृतात त्यापासून आधी ग्लायकॉलिक आणि पुढे ऑक्झॅलिक आम्ल बनते, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. पहिल्या काही तासांत माणूस नुसता दारू प्यायल्यासारखा वाटतो, त्यामुळे निदान चुकण्याचा धोका असतो. उपचारात फोमेपिझोल किंवा ते नसल्यास इथेनॉल देतात, लागल्यास डायलिसिस करतात. याच कुळातले डायइथिलीन ग्लायकॉल मुंबईला १९८६ साली भोवले : जे. जे. रुग्णालयात ते मिसळलेले ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगापुढे चौकशी झाली. काही देशांत अँटिफ्रीझमध्ये डेनाटोनियम हे अतिकडू रसायन मिसळणे सक्तीचे आहे.

वापरलेल्या कूलंटमध्ये ग्लायकॉलशिवाय झिजलेल्या धातूंचे, जुन्या रेडिएटरांत सोल्डरमधल्या शिशाचेही, अंश असतात. ते गटारात, झाडांच्या आळ्यात किंवा रस्त्यावर ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहून, टाकाऊ तेल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे घेतात का ते विचारून तिथे द्यावे. ते टाकाऊ तेलात मिसळू नये, कारण मग दोन्हींचे शुद्धीकरण अवघड होते. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर ते कधीच भरू नये.