टाय-इन कादंबरी (स्पेस ऑपेरा)

टाय-इन कादंबरी (स्पेस ऑपेरा) : चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, चित्रकथा किंवा खेळ यांतून आधीच उभ्या राहिलेल्या अवकाशविश्वात, त्या विश्वाच्या मालकाचा रीतसर परवाना घेऊन लिहिलेली कादंबरी. पडद्यावरची कथाच गद्यात सांगणारी ती रूपांतरित कादंबरी. तीच पात्रे व तेच जग घेऊन नवी कथा रचणारी ती स्वतंत्र टाय-इन. प्रस्तुत नोंद मुख्यतः दुसऱ्या प्रकाराच्या वाचनाविषयी आहे. मराठीत ‘टाय-इन’ हाच शब्द चालतो, आणि वडोदऱ्यातील मराठी वाचकही या कादंबऱ्या बहुधा इंग्रजीतूनच वाचतात.

संज्ञा : ‘स्पेस ऑपेरा’ म्हणजे अवकाशात घडणारी भव्य साहसकथा, तिचा संगीतिकेशी संबंध नाही. साबणाच्या कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या अमेरिकी रेडिओमालिकांना ‘सोप ऑपेरा’ आणि साचेबंद काउबॉयपटांना ‘हॉर्स ऑपेरा’ म्हणत. त्याच चालीवर विल्सन टकर या अमेरिकी विज्ञानकथालेखकाने १९४१ मध्ये हा शब्द हेटाळणीने योजला. वस्तू मात्र शब्दाहून जुनी आहे, ई. ई. स्मिथ यांची आकाशगंगा पालथी घालणारी पहिली कथा ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात १९२८ मध्येच क्रमशः आली होती. साधारण १९७० नंतर शब्दातील हेटाळणी ओसरली व तो एका साहित्यप्रकाराचे नाव झाला.

उगम : पहिली स्पेस ऑपेरा टाय-इन कोणती याविषयी एकमत नाही. मूकपटांच्या काळातही चित्रपटातील छायाचित्रे घालून कादंबऱ्या छापत. परंतु त्यांत मूळ कथाच पुन्हा छापलेली वा सांगितलेली असे. ‘फ्लॅश गॉर्डन’ ही चित्रपट्टी जानेवारी १९३४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यावरील कादंबरी १९३६ मध्ये निघाली. तिच्यावर चित्रकार ॲलेक्स रेमंड यांचे नाव असले, तरी लेखन दुसऱ्याचे मानले जाते. (हाच नायक पुढे ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून मराठी मुलांच्या हाती आला.) दुसरे मत ‘स्टार ट्रेक’ला मान देते. या दूरचित्रवाणी मालिकेच्या भागांची जेम्स ब्लिश यांनी केलेली कथारूपे १९६७ पासून निघू लागली. ती रूपांतरेच होत. स्वतंत्र कथेची पहिली कादंबरी १९६८ ची मॅक रेनल्ड्स यांची की १९७० ची ब्लिश यांची, हा वाद उरतो. रेनल्ड्स यांचे पुस्तक बालवाचकांसाठी होते, एवढ्यावरून काही सूचीकार ते बाजूला ठेवतात. तो निकष पटण्याजोगा नाही. बालवाङ्‌मय झाले म्हणून ते टाय-इन नव्हे असे होत नाही. ‘स्टार ट्रेक’पुरता १९६८ चा दावा अधिक सबळ दिसतो. एकूण प्रकाराचा विचार करता मात्र १९३६ मागे सारता येत नाही.

‘स्टार वॉर्स’ची परंपरा पुस्तकापासूनच सुरू होते. चित्रपट मे १९७७ चा. कादंबरीरूप १९७६ च्या अखेरीसच बाजारात आले. मुखपृष्ठावर जॉर्ज लुकास यांचे नाव होते, लेखन ॲलन डीन फॉस्टर यांचे. फॉस्टर यांचीच १९७८ ची स्वतंत्र कादंबरी या प्रकाराच्या अभ्यासकाने अवश्य जवळून पाहावी. पहिला चित्रपट चाललाच, पण बेताचा चालला, तर कमी खर्चात दुसरा काढता यावा अशा बेताने ती रचलेली होती. म्हणून कथा घडते तो ग्रह सदैव धुक्यात बुडालेला आहे : धुके असले की मोठे देखावे उभारावे लागत नाहीत. पहिल्या चित्रपटातील एक नायक हान सोलो कथेत नाही, कारण पुढच्या चित्रपटासाठी त्या नटाशी करार झालेला नव्हता. आणि नायक ल्यूक व नायिका लेया यांच्यात चक्क प्रेमाची चाहूल आहे. ती दोघे भावंडे असल्याचे १९८३ च्या चित्रपटात ठरले. फॉस्टर यांची ही चूक नव्हे. कादंबरी जेव्हा लिहिली गेली, तेव्हाचे विश्व तिच्यात जसेच्या तसे गोठले आहे.

प्रमाण आणि प्रक्षेप : टाय-इन वाचताना सर्वांत मोठी अडचण येते ती येथे. कोणती घटना ‘खरी’ धरायची? वडोदऱ्यातील वाचकाला या प्रश्नाची ओळख घरचीच आहे. येथील प्राच्यविद्यामंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात कांडांत प्रसिद्ध केली. हस्तलिखिते ताडून जे मूळ वाटले ते संहितेत घेतले, बाकीचे तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. टाय-इनमध्येही मूळ आणि प्रक्षेप (मागून घुसलेला मजकूर) आहेत. फरक असा की येथे प्राचीनतेला वजन नाही. स्वामित्वहक्काचा मालक आज जे म्हणेल ते प्रमाण. ‘स्टार ट्रेक’बाबत पडद्यावर दिसले तेवढेच प्रमाण, असे मालकांचे धोरण राहिले. ‘स्टार वॉर्स’च्या मालकांनी २५ एप्रिल २०१४ रोजी तोवरचे सारे कादंबरीविश्व ‘लेजंड्स’ या नावाखाली वेगळे काढले. त्या पुस्तकांच्या नव्या मुद्रणांवर तसा पट्टा असतो. जुन्या प्रतींवर अर्थातच नसतो. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळाच्या कादंबऱ्यांत असे काटेकोर प्रमाणच नाही. परस्परविरोधी हकिकती शेजारीशेजारी नांदतात.

प्रमाणातून गेलेली कादंबरी वाचू नये, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. चिकित्सक आवृत्तीचा जाणता वाचक तळटीपा गाळत नाही. टिमथी झान यांची १९९१ ते १९९३ ची त्रयी ‘लेजंड्स’मध्ये गेली, तरी तिच्यातील ॲडमिरल थ्रॉन हे पात्र पुढे पडद्यावर आले. प्रक्षेप मूळ संहितेत शिरल्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

वाचनक्रम : कथेतील काळानुसार वाचण्याचा मोह होतो, कारण अनेक प्रतींच्या आरंभी तसा तक्ताच छापलेला असतो. ‘स्टार वॉर्स’मध्ये पहिल्या चित्रपटाच्या शेवटची याव्हिनची लढाई हे शून्य वर्ष धरून अलीकडची-पलीकडची वर्षे मोजतात. या क्रमाने गेले की नंतर लिहिलेल्या पूर्वकथा आधी येतात, आणि १९८० च्या चित्रपटातील ल्यूकच्या पितृत्वाचा उलगडा आधीच फुटतो. शिवाय झान यांच्या १९९१ च्या त्रयीत क्लोन युद्धांविषयी (त्या विश्वातील जुनी युद्धे) जे सूचित आहे, ते पुढील चित्रपटांशी जुळत नाही. कालक्रमाने वाचणारा या विसंगतीवर अडखळतो, प्रकाशनक्रमाने वाचणाऱ्याला तिचे कारण दिसते. म्हणून प्रकाशनक्रमच बरा, तोही थराथराने. ‘स्टार वॉर्स’चे थर असे धरावेत : १९९१ पूर्वीची सुटी पुस्तके, १९९१–९९ हा बँटम प्रकाशनाचा काळ, १९९९–२०१४ हा परवाना डेल रे प्रकाशनाकडे गेल्यानंतरचा, आणि २०१४ नंतरचा. एका थरातील एखादी त्रयी पूर्ण वाचल्याशिवाय दुसऱ्या थरात जाऊ नये.

‘वॉरहॅमर’च्या होरस या सेनापतीच्या बंडाच्या मालिकेत २००६ पासून ५४ क्रमांकित पुस्तके आहेत. पहिली तीन सलग. चौथे व पाचवे बऱ्याच अंशी त्याच घटना दुसऱ्या बाजूंनी सांगतात. सहाव्यात कथा एकदम मागे जाते. येथे पुष्कळ वाचक मालिका सोडतात, आपलेच काही वाचायचे राहिले असे समजून. तसे नसते. पाच पुस्तकांनंतर क्रमांकाचा हट्ट सोडून एका सैन्यदलाचा धागा धरावा. ‘स्टार ट्रेक’च्या बऱ्याच कादंबऱ्यांत आरंभीच ‘इतिहासकाराची टीप’ असते आणि कथा कोणत्या भागाच्या वा चित्रपटाच्या आगेमागे घडते ते तीत दिलेले असते. ती दोन ओळींची टीप वगळू नये.

प्रत पारखणे : जुनी प्रत घेताना मुखपृष्ठाआधी कॉपीराइटचे पान पाहावे. तेथे हक्कमालक व वर्ष असते. त्यावरून थर कळतो. खाली १० ते १ अशी आकड्यांची ओळ असेल, तर तीतील सर्वांत लहान आकडा मुद्रणाचा क्रमांक सांगतो. मुखपृष्ठच नसलेली प्रत पस्तीत (इथल्या मराठीत रद्दीला पस्तीच म्हणतात) आढळली तर ती घेऊ नये : न खपलेल्या पुस्तकांची मुखपृष्ठे फाडून प्रकाशकाकडे परत पाठवायची आणि उरलेले पुस्तक नष्ट करायचे, ही अमेरिकी व्यापाराची रीत, आणि अशा प्रतीचा मोबदला लेखकाला मिळालेला नसतो. त्रयीचा मधलाच खंड हाती येणे नेहमीचे. पहिला मिळेपर्यंत तो तसाच ठेवावा.

छोट्या आकाराच्या (सुमारे १०.८ × १७.५ सेंमी.) प्रतींचा कागद आम्लयुक्त व लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातील लिग्निनमुळे तो पिवळा पडतो, आणि कण्याचा गोंद वाळून कडक झाला की पुस्तक मधोमध उघडताच पाने सुटतात. प्रथम उघडताना दोन्ही टोकांकडून दहा-पंधरा पाने घेत मध्याकडे यावे. सुटलेल्या पानाच्या कडेला पांढऱ्या गोंदाची दोऱ्याएवढी रेघ द्यावी, बटरपेपर घालून रात्रभर वजनाखाली ठेवावे. सेलोटेप लावू नये. तिचा चिकटपणा तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. पावसाळ्यात प्रती प्लॅस्टिकमध्ये बंद केल्यास आतली ओल अडकून बुरशी धरते. पंख्याखाली, सावलीत, पाने मोकळी करून ठेवावीत, उन्हात नव्हे.

ग्रंथालयातील जागा : सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. बॉर्डन यांनी येथे योजलेली वर्गीकरणपद्धती कटर व ड्यूई या अमेरिकी ग्रंथपालांच्या पद्धतींचे मिश्रण होती. सर्वसाधारणपणे ग्रंथालयांत कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाने लागतात आणि टाय-इन मालिकेची दाणादाण होते. १९९९–२००३ मधील ‘स्टार वॉर्स’ची १९ कादंबऱ्यांची एक मालिका बारा लेखकांनी लिहिली, ती ‘ए’पासून ‘डब्ल्यू’पर्यंत विखुरते, आणि ‘डब्ल्यू’मध्ये विल्यम्स आडनावाचे दोन वेगळे लेखक शेजारी येतात. त्यांपैकी एकाची तीन पुस्तके सहलेखकासह आहेत, दुसऱ्याचे एकच. कपाटापुढे उभे राहण्याआधी मालिकेतील क्रमांक, लेखक व शीर्षक अशी यादी कागदावर उतरवून न्यावी. कण्यावर मालिकेचा क्रमांक छापलेला असेलच असे नाही.